योगवर्गाचे पहिले तीन महिने: शिक्षकांना काय सांगायचं, काय विचारायचं

योगवर्गात नाव घालताना बहुतेक जण वेळ, फी आणि घरापासूनचं अंतर एवढंच बघतात. शिकवणाऱ्याशी आपलं बोलणं कसं राहील याचा विचार मागे पडतो, आणि टाळता येण्याजोग्या बऱ्याच दुखापती तिथेच होतात. शिक्षकांना तुमचं शरीर बाहेरून दिसतं: गुडघा वाकलाय, खांदा कानाला लागलाय. आत काय चाललंय ते फक्त तुम्हाला कळतं. ही आतली बातमी वेळेवर आणि नेमकी पोचवणं तुमचं काम, ती ऐकून लगेच सूचना बदलणं शिक्षकांचं. पुढचं सगळं या देवघेवीबद्दल आहे.

हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत गुरूने दाखवलेल्या मार्गानेच अभ्यास करावा असं सांगितलेलं आहे. तिथला शिष्य गुरूच्या सहवासात राहायचा. तो काय खातो, किती झोपतो, कुठे लंगडतो, हे गुरूला न सांगताही दिसायचं. संसारी माणसाने ठरल्या वेळी यायचं, तासभर शिकायचं आणि घरी जायचं, ही पद्धत आपल्याकडे रुळली ती गेल्या शंभरेक वर्षांत. श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' काढली, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं, बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये शिकवायला पुण्यात आले. योग घराघरांत पोचला तो अशा माणसांमुळे. पण आठवड्याला तीन तास आणि सोबत वीस-पंचवीस जण, एवढ्यात शिक्षकांना तुमच्याबद्दल आपोआप काहीच कळत नाही. सांगावं लागतं.

नाव घालण्याआधी

एक वर्ग नुसता बसून बघू द्याल का, असं विचारा. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. बघताना आसनं किती अवघड आहेत ते सोडा, शिक्षकांचे डोळे कुठे आहेत ते बघा. काही जण पुढे मॅट टाकून स्वतःचाच अभ्यास करतात आणि माइकवर मोजतात. त्यांना मागच्या रांगेतला गुडघा दिसणं शक्य नाही. चांगला शिक्षक एकदा करून दाखवतो, मग उभा राहतो, फिरतो, बाजूने बघतो. नवख्यांच्या वर्गात एका शिक्षकामागे १२ ते १५ जण ठीक. पंचवीसच्या वर असतील तर हाताखाली एक साहाय्यक हवा.

मग हे विचारा: तुम्ही कुठे शिकलात? किती वर्षं शिकवताय? सध्या स्वतः कोणाकडे शिकता? गुडघेदुखी किंवा बीपी असलेल्या माणसाला वर्गात काय वेगळं देता? आमच्या मते यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. जो अजून कोणाचा तरी विद्यार्थी आहे, त्याला चूक दाखवली गेली की कसं वाटतं हे आठवत असतं.

प्रमाणपत्र विचारायला संकोच नको. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या पायऱ्या आहेत: योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर ही सुरुवातीची, त्यावर वेलनेस इन्स्ट्रक्टर, त्याच्या वर टीचर अँड इव्हॅल्युएटर. '२०० तासांचा कोर्स' हा पुष्कळदा महिनाभरात पुरा होतो. त्यावरून अभ्यासक्रम झाला एवढं कळतं, अनुभव कळत नाही. कागद नसलेले पण वीस वर्षं मनापासून शिकवणारे उत्तम शिक्षकही गावोगावी आहेत, म्हणून कागद आणि बघितलेला वर्ग दोन्ही जमेला धरा.

'तीन महिन्यांत शुगर घालवतो, गोळ्या बंद करा' असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. बीपीची गोळी किंवा इन्सुलिन कमी करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. पहिल्याच आठवड्यात श्वास कोंडून धरायला लावणाऱ्या वर्गापासूनही लांब राहा. प्राणायाम चुकीच्या रीतीने केला तर रोग उत्पन्न होतात, असा इशारा 'हठप्रदीपिका' या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाने स्वच्छ शब्दांत दिलेला आहे. वाघ-सिंह माणसाळवतात तसा प्राण हळूहळू वश करावा, हा दृष्टान्तही तिथलाच.

पहिल्या दिवशीची चिठ्ठी

सकाळी सहाच्या वर्गात दारात चप्पल काढताना 'सर, मला जरा गुडघ्याचं आहे' असं सांगितलेलं टिकत नाही. शिक्षक त्या पाच मिनिटांत चार जणांचं ऐकत असतात. अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहा आणि वर्ग सुरू व्हायच्या १० मिनिटं आधी हातात द्या. नमुना असा:

"वय ४६. बैठं काम, रोज ८–९ तास. उच्च रक्तदाब ३ वर्षांपासून, सकाळी एक गोळी. उजवा गुडघा: मांडी घातली की १० मिनिटांत आतल्या बाजूने दुखतो, जिना उतरताना जास्त. दोन वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन, जाळी बसवली आहे. डोळ्यांचा दाब वाढलेला, थेंब चालू. पूर्वी योग केलेला नाही."

प्रत्येक ओळीवरून शिक्षकांना काहीतरी बदलावं लागतं. रक्तदाब आहे म्हटल्यावर कुंभक (श्वास कोंडून धरणं) नको, शीर्षासन-सर्वांगासन नको, जोरजोरात भस्त्रिका (भात्यासारखं भराभर श्वसन) नको. गुडघा म्हटल्यावर वज्रासनाऐवजी खुर्ची, किंवा बसताना नितंबांखाली इतक्या घड्यांचं ब्लँकेट की गुडघे कंबरेच्या खाली येतील. हर्निया म्हटल्यावर नौकासन, कपालभाती, उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) असं पोटावर दाब आणणारं सगळं सर्जनने हो म्हणेपर्यंत बंद. डोळ्यांचा दाब किंवा काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाणारी आसनं टाळायची; यात शीर्षासन सगळ्यांना माहीत असतं, पण अधोमुख श्वानासनही (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) मोडतं, ते विसरलं जातं.

लोक लपवतात त्या दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. पहिली गरोदरपण. तीन महिने पुरे होईपर्यंत घराबाहेर सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पण पालथं झोपणं, पोटावरचा दाब आणि कपालभाती त्याआधीच थांबवावी लागते, म्हणून शिक्षकांना पहिल्या आठवड्यातच एकांतात सांगा. दुसरी मनाच्या आजाराची औषधं किंवा घाबरल्याचे झटके. भराभर श्वसनाने असा झटका येऊ शकतो, आणि काहींना शवासनात डोळे मिटले की घुसमटतं. शिक्षकांना माहीत असेल तर ते डोळे उघडे ठेवून, कुशीवर पडायला सांगतील. एवढ्यावर काम भागतं.

चिठ्ठी देताना म्हणा, 'हे तुमच्यापाशीच राहू द्या.' 'जोशी काका, तुमचं बीपी आहे ना, तुम्ही नका करू,' असं भर वर्गात ओरडून सांगणं हे चांगलं शिकवणं नव्हे. जवळ येऊन हळू आवाजात सांगता येतं. तसं होत नसेल तर वर्गानंतर स्पष्ट बोला. औषध बदललं, पडलात, ऑपरेशन ठरलं की नवी चिठ्ठी द्या.

बाकी पहिल्या दिवसाचं थोडक्यात: पोटभर जेवणानंतर साडेतीन-चार तास जाऊ द्या. पायमोजे काढा, फोन बंद करून पिशवीत ठेवा. जागा मधल्या रांगेत घ्या. पुढे बसलात तर बघून करायला समोर कोणी नसतं, शेवटी बसलात तर तुम्ही कोणाला दिसत नाही. शिक्षकांना वर्गात सगळे जे म्हणतात तेच म्हणा: सर, मॅडम, ताई, गुरुजी. पाया पडायचं की नाही हा तुमच्या श्रद्धेचा भाग. नमस्कार पुरेसा आहे, आणि जाणता शिक्षक त्यावरून माणूस जोखत नाही.

हात लावण्याबद्दल

हे सविस्तर सांगायला हवं, कारण शरीर आणि विश्वास दोन्ही इथेच दुखावतात.

पश्चिमोत्तानासन घ्या. पाय सरळ पसरून पुढे वाकायचं. मांडीच्या मागचे स्नायू ज्या हाडावर आपण बसतो त्या हाडाला जाऊन चिकटतात. नवख्या माणसाचे हे स्नायू आखडलेले, त्यामुळे कंबर मागे ढळलेली आणि पाठ कासवासारखी गोल. अशा वेळी शिक्षक मागून येतात, दोन्ही तळवे पाठीवर ठेवतात आणि 'श्वास सोडा, अजून थोडं' म्हणत दाबतात. पाठीवरचा हा दाब तरफेसारखा काम करतो: हात पाठीवर, पण ताण जाऊन पडतो त्या हाडाजवळच्या चिकटण्याच्या जागेवर. तिथला तंतू उसवला तर त्या वेळी नुसती एक कळ जाणवते. दुसऱ्या दिवशी खुर्चीत, स्कूटरवर बसलं की नितंबाच्या खालच्या घडीत एकाच ठिकाणी ठसठसतं. स्नायूच्या मधल्या भागापेक्षा या जागेला रक्तपुरवठा कमी, म्हणून हे दुखणं भरून यायला महिने लागतात. आणि गैरसमज असा की 'अजून ताणलं की मोकळं होईल', म्हणून माणूस तेच आसन पुन्हा पुन्हा करतो.

याच आसनात योग्य मदत कशी दिसते? नितंबांखाली घडी घातलेलं ब्लँकेट. तळव्यांभोवती पट्टा, दोन्ही हातांत त्याची टोकं. गुडघे थोडे वाकलेले चालतील. शिक्षकांचा हात लागलाच तर माकडहाडाच्या वर, पंजाची मागची बाजू, दिशा दाखवण्यापुरता दोन-तीन सेकंद: 'इथून पुढे वळा.' हात दिशा दाखवतो, जोर तुमचा असतो. बहुतेक आसनांत स्पर्शाची गरजही नसते. त्रिकोणासनात पाठ भिंतीला टेकवली आणि हाताखाली वीट (आधाराचा ठोकळा) दिली, तर शरीर पुढे झुकतंय हे भिंतच सांगते.

तुम्हाला म्हणायची वाक्यं अगदी साधी आहेत. नाव घालतानाच: 'मला हात लावण्याआधी विचारा.' किंवा: 'मला तोंडीच सांगा, हात नको.' एका दिवशी चालतं आणि दुसऱ्या दिवशी नको वाटतं, तेही सांगता येतं. कारण द्यावं लागत नाही. आसनात असताना एकच शब्द पुरे: 'थांबा.' मोठ्याने म्हणा. श्वास धरून ठेवला असेल तर शब्द फुटत नाही, आणि शब्द फुटत नसेल तर मर्यादा आधीच ओलांडलेली आहे असं समजा. 'थांबा' म्हटल्यावर हात त्याच क्षणी निघाला पाहिजे. 'अहो, काही होत नाही' असं उत्तर आलं, तर त्या वर्गाबद्दल तुम्हाला हवं ते कळलं.

रीतीचा स्पर्श टाचेला, कोपराला, खांद्याच्या माथ्याला, खांद्याच्या फऱ्याला होतो. शिक्षक समोरून किंवा बाजूने दिसतील असे येतात. हात थोडा वेळ राहतो. छाती, जांघ, पोटाचा खालचा भाग यांना हात लावून शिकवावं असं एकही आसन नाही. शवासनात डोळे मिटलेले असतात, तिथे आधी विचारल्याशिवाय स्पर्श नको. 'तुम्हाला एकटं बोलावून शिकवतो' हे कारण न सांगता आलं तर घरच्या किंवा ओळखीच्या कोणाला सोबत न्या.

गैर घडलं तर त्याच दिवशी तारीख, वेळ, काय झालं आणि कोण उपस्थित होतं ते लिहून ठेवा आणि एका विश्वासू माणसाला सांगा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार करणारी बाई तिथली कर्मचारी असावी लागत नाही. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने वाढते. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग सर्वांनाच खुला आहे: ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी. गुरूबद्दल असं बोलायचं कसं, या विचाराने माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात. तैत्तिरीय उपनिषदात शिकून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की आमचं जे चांगलं आचरण असेल तेवढंच घे, बाकीचं घेऊ नकोस. ही मुभा परंपरेनेच दिलेली आहे.

दुखणं नेमकं कसं सांगायचं

'दुखतंय' एवढ्याने शिक्षकांना काही करता येत नाही. चार गोष्टी सांगा. कुठे: एका बोटाने दाखवा, एक बोट पुरत नसेल, पंजा फिरवावा लागत असेल, तर तेही सांगा. केव्हा: आसनात जाताना, थांबलेलं असताना, बाहेर येताना की दुसऱ्या दिवशी सकाळी. कसं: ओढ, टोचणं, जळजळ, मुंग्या, बधिरपणा. किती वेळ टिकतं.

स्नायूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी ओढ आणि पुढचे एक-दोन दिवस अंग आंबल्यासारखं वाटणं हे नव्या माणसाला होणारच. सांध्यात टोचणं, एकाच बाजूला सणक, हातापायात मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी, यात त्या क्षणी थांबायचं आणि बाहेर यायचं. परवानगी मागत बसायचं नाही. दोन दिवसांनीही दुखणं वाढतच असेल तर डॉक्टर. छातीत दाबल्यासारखं झालं, बोलणं अडखळलं, शरीराची एक बाजू लुळी वाटली, तर वर्ग सोडून थेट रुग्णालय.

'सगळे करतायत, मीच कसा थांबू' या भिडेने जितकी माणसं जायबंदी होतात तितकी अवघड आसनांनी होत नसतील. बालासनात (गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवून) किंवा नुसतं मांडी घालून बसून राहणं हे वर्गात केव्हाही चालतं.

प्रश्न आणि घरचा अभ्यास

प्रश्न वर्ग संपल्यावर, एका दिवशी एकच. 'या आसनाने काय फायदा होतो?' याचं उत्तर कुठेही मिळेल. 'वीरभद्रासनात माझी मागची टाच उचलली जाते, काय करू?' याचं उत्तर फक्त तुम्हाला बघणारा माणूस देऊ शकतो: पावलांमधलं अंतर कमी करा, किंवा टाच भिंतीला टेकवा. कधी कधी वर्गाआधीच सांगून ठेवा, 'आज एकदा माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघाल का?' शिक्षकांना असे विद्यार्थी आवडतात.

महिनाभराने घरचा अभ्यास मागा. वीस मिनिटांचा, चार-पाच आसनांचा, क्रमाने लिहिलेला. प्रत्येकात किती श्वास थांबायचं तेही लिहून घ्या. आठवडाभर केल्यावर वहीत दोन ओळी टिपा आणि दाखवा. यूट्यूबवर बघून आणखी काही करत असाल तर तेही सांगून टाका, नाहीतर खांदा कशाने दुखतोय हे शिक्षक तुमच्या वर्गातल्या आसनांत शोधत बसतील.

पैसे, भेटवस्तू, मोबाइल

पहिल्यांदा एकाच महिन्याची फी भरा, वर्षाची सवलत नंतर बघा. पावती घ्या. बुडलेल्या वर्गाचं काय, ते आधी विचारा. गुरुपौर्णिमेला फूल, फळ, मनापासून लिहिलेलं पत्र छान. सगळ्यांनी इतके इतके काढा असा आग्रह होत असेल तर नम्रपणे बाजूला राहा. शिक्षकांशी उसनवारी नको, दोन्ही बाजूंनी. वर्गात चूर्णं, तेलं विकत घेण्याची सक्ती नको. ग्रुपवर आजाराची चर्चा करू नका, तिथे तुमचं नाव आणि नंबर सगळ्यांना दिसतो.

लांबून शिकत असाल तर

परदेशातले बरेच मराठी लोक पुण्या-मुंबईच्या शिक्षकांकडे ऑनलाइन शिकतात. इथले सकाळचे सहा म्हणजे न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेआठ, म्हणजे नेमकी जेवणाची वेळ. जेवण वर्गानंतर ठेवा, दुपारी चारच्या सुमारास हलकं काहीतरी खा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर, मॅटच्या बाजूला. वर उचललेले हात आणि टाचा दोन्ही चौकटीत आल्या पाहिजेत. खिडकी पाठीमागे असेल तर तुमची नुसती काळी आकृती दिसते. शीर्षासन आणि सर्वांगासन पहिल्यांदा पडद्यावरून शिकू नका. सुट्टीत गावी याल तेव्हा समोर बसून शिका.

शिक्षक बदलताना

तीन महिन्यांनी एक सोपी परीक्षा घ्या. शिक्षक समोर नसताना पाच-सहा आसनं क्रमाने, न घाबरता करता येतात का? दुखलं तर काय बदलायचं हे तुम्हाला सुचतं का? येत असेल तर नातं बरोबर चाललंय. काहीच येत नसेल, किंवा प्रश्न विचारला की शिक्षक चिडत असतील, तर दुसरीकडे बघायला हरकत नाही.

जाताना गायब होऊ नका. 'मॅडम, पुढच्या महिन्यापासून मी येऊ शकणार नाही. तुम्ही शिकवलंत, त्याचा खूप उपयोग झाला.' एवढं पुरे. निघताना आतापर्यंत काय शिकलात आणि काय टाळायचं ठरलंय ते एका कागदावर मागून घ्या; तीच तुमची पुढच्या वर्गातली पहिली चिठ्ठी.

नव्या वर्गात रीत वेगळी असेल. अय्यंगार पद्धतीत उभी आसनं, विटा-पट्टे आणि बारीक सूचना आधी येतात, प्राणायाम बराच नंतर. म्हैसूरच्या अष्टांग पद्धतीत क्रम ठरलेला असतो आणि श्वासाच्या तालावर सरकायचं असतं. लोणावळ्याच्या परंपरेत सावकाश, कमीत कमी प्रयत्नाने आसनात जाण्यावर भर असतो. 'आधीचे सर असं सांगायचे' हे वाक्य गिळून टाका आणि त्याऐवजी 'इथे असं का करतात?' असं विचारा. सहा आठवडे नव्या रीतीनेच करून बघा, दोन्हींची मिसळ करू नका. सर्वांगासन सपाट जमिनीवर शिकला असाल आणि इथे खांद्यांखाली तीन-चार घड्या घातलेली ब्लँकेटं दिली, तर खांदे ब्लँकेटवर, डोकं जमिनीवर आणि मान कडेच्या बाहेर मोकळी अशी बैठक शिक्षकांकडून पहिल्यांदा बघून घ्या. कडा सरकून मानेखाली आली तर सगळं वजन मानेवर येतं. वर गेल्यावर डोकं वळवून कडा बघायची नाही. आधी खाली या, मग नीट लावा.